पाण्याची साय मोजणाऱ्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स

धानाच्या पानावर पाणी टिकत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या कुठल्याही बांधीत पावसाळ्यात सकाळी उभे राहिले, तर पानापानावर पाण्याचे गोल मणी दिसतात आणि पान हलले की ते घरंगळून खाली पडतात. अळवावरचे पाणी म्हणतात ते हेच. पानावर मेणचट थर असतो आणि पाण्याला मेणाचे वावडे असते. करपा रोगाची बुरशी मात्र याच निसरड्या पानावर पाय रोवते आणि काही तासांत आत शिरते. तिच्या हत्यारांपैकी एक आहे छोटेसे प्रथिन. ते बुरशीच्या बाहेर पडले की त्याचे रेणू पानाच्या पृष्ठावर आपसूक एकमेकांशेजारी लागतात आणि एक सलग, शिस्तबद्ध, डोळ्यांना न दिसणारे पटल तयार होते.

अशा पटलांचे आज मोठे शास्त्र झाले आहे. रसायनशास्त्र, शेतीशास्त्र आणि वैद्यक या तिन्हींना ते लागते. त्या शास्त्राचे पहिले उपकरण ज्या बाईंनी तयार केले, त्यांनी महाविद्यालयाचे तोंड पाहिले नव्हते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम यातून उरलेल्या वेळात, जर्मनीतल्या एका मध्यम शहरातल्या घरात, त्यांनी हे काम केले. त्यांचे नाव अ‍ॅग्नेस पॉकेल्स.

अ‍ॅग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ चा, व्हेनिसमधला. व्हेनिस तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते आणि वडील थिओडोर ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. उत्तर इटलीच्या त्या दलदलीच्या भागात मलेरिया घरोघर असे. आजार नेमका कशाने होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. रक्तातला जंतू लाव्हरानला दिसला १८८० मध्ये, आणि डासाचा हात रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत सिद्ध केला १८९७ मध्ये. तोवर दूषित हवेलाच दोष दिला जाई. गोंदिया-गडचिरोलीच्या वाचकांना हा आजार काय करतो ते वेगळे सांगायला नको. ताप पुन्हा पुन्हा उलटतो, पांथरी वाढते, रक्त कमी होते आणि धडधाकट माणूस काही वर्षांत कामातून जातो. थिओडोर पॉकेल्स यांची प्रकृती अशीच ढासळली. त्यांना वेळेआधी निवृत्त व्हावे लागले आणि १८७१ मध्ये हे कुटुंब जर्मनीत ब्राउन्श्वाइग या शहरात राहायला आले. अ‍ॅग्नेस तेव्हा नऊ वर्षांची होती. या एका आजाराने तिच्या पुढच्या आयुष्याची आखणी करून टाकली.

शहरातल्या मुलींच्या शाळेत तिचे शिक्षण झाले. भौतिकशास्त्राची ओढ तिला शाळेपासूनच होती. पण शाळेत त्या विषयाचे मिळायचे ते थोडेच, आणि शाळा संपली की मुलींसाठी पुढचा रस्ता बंद. जर्मन विद्यापीठांनी स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याकडच्या आनंदीबाई जोशी अ‍ॅग्नेसपेक्षा तीन वर्षांनी लहान. त्यांनी सातासमुद्रापार जाऊन १८८६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. अ‍ॅग्नेसला घराबाहेर पडणेच शक्य नव्हते. पुढे दारे किलकिली झाली तेव्हाही आईवडिलांना ती दूर जायला नको होती. आजारी माणसे दोन आणि हाताशी मुलगी एक, तर काय होणार हे कोणत्याही घरात आधीच ठरलेले असते.

धाकटा भाऊ फ्रिडरिश याला ती अडचण नव्हती. तो ग्योटिंगेनला भौतिकशास्त्र शिकायला गेला. पुढे तो नावाजलेला शास्त्रज्ञ झाला. विजेच्या दाबाखाली स्फटिकातून जाणारा प्रकाश कसा बदलतो, यासंबंधीचा पॉकेल्स परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो आणि लेसरच्या यंत्रांत आजही वापरला जातो. बहिणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तो पुस्तके पाठवत राहिला. अ‍ॅग्नेसचे उच्च शिक्षण झाले ते त्या पुस्तकांवर, घरी बसून, एकटीने.

वयाच्या अठराव्या वर्षापासून, म्हणजे १८८० पासून, तिने पाण्याच्या पृष्ठाकडे लक्ष द्यायला सुरुवात केली. भांडी घासताना पाण्यावर तरंगणारा तेलकट तवंग पाहून तिला हे सुचले, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती खरी असेलही. पण या गोष्टीने तिच्यावर थोडा अन्यायच केला आहे. तवंग तर प्रत्येक घरातल्या प्रत्येक बाईने रोज पाहिलेला असतो. अ‍ॅग्नेसने तो मोजला, आणि त्यासाठी दोन वर्षे विचार करून उपकरण बनवले. स्वयंपाकघराचे कौतुक करता करता त्या दोन वर्षांकडे दुर्लक्ष होते.

उपकरण दिसायला अगदी साधे होते. पत्र्याचे एक लांबट तबक, ७० सेंटीमीटर लांब, ५ रुंद आणि २ खोल. ते काठोकाठ पाण्याने भरायचे. त्यावर आडवी ठेवायची दीड सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी, अशी की तिची खालची बाजू पाण्याला टेकेल. पट्टी डावीउजवीकडे सरकवली की एका बाजूचे पाण्याचे पृष्ठ आक्रसते आणि दुसऱ्या बाजूचे पसरते. पाण्याच्या पृष्ठावर एक लहान चकती टेकवायची, जेमतेम ६ मिलिमीटर व्यासाची. ती औषधविक्याच्या तराजूला जोडलेली. चकती पाण्यापासून सुटायला किती वजन लागते ते पाहायचे. वजन जास्त लागले तर पाण्याची कातडी ताणलेली, कमी लागले तर सैल.

पाण्याला कातडी असते हे म्हणणे तितकेसे काव्यात्म नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठावरच्या रेणूला वरून कुणीच नसते, म्हणून तो आत आणि बाजूला ओढला जातो. त्यामुळे पाण्याचे पृष्ठ ताणलेल्या रबरासारखे वागते. नवेगावबांधच्या तलावात काठाशी पाणनिवळ्या पाण्यावर चालतात त्या याच ताणामुळे. शास्त्रात याला पृष्ठताण म्हणतात.

अ‍ॅग्नेसच्या आधी पृष्ठताण मोजणारे कमी नव्हते, पण त्यांची मोजमापे एकमेकांशी जुळत नसत. कारण तिला सापडले. स्वच्छ दिसणारे पाणीही स्वच्छ नसते. बोटाचा तेलकटपणा, हवेतली धूळ, फडक्याचे तंतू, भांड्याला राहिलेला अंश, यातले काहीही पाण्याला लागले की क्षणात पृष्ठभर पसरते आणि ताण बदलतो. तिने पट्टीलाच झाडू केले. पट्टी तबकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेली की पृष्ठावरचा सगळा कचरा पुढे ढकलला जातो आणि मागे स्वच्छ पृष्ठ मिळते. आजही प्रयोगशाळांत हेच करतात.

मग तिने मुद्दाम तेलाचा अंश टाकला आणि पट्टी हळूहळू सरकवत पृष्ठ लहान करत नेले. बराच वेळ काहीच घडत नाही. ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. एका ठरावीक जागी मात्र ताण एकदम घसरू लागतो. जणू मोठ्या सभामंडपात माणसे पांगून उभी आहेत आणि एक भिंत आत सरकते आहे. खांद्याला खांदा लागेपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. एकदा लागला की मग प्रत्येक पावलाला रेटा बसतो. तेलाचे रेणू पाण्यावर असेच एका थरात पसरलेले असतात आणि तो खांदा लागण्याचा क्षण तिने तराजूवर पकडला होता. त्या बिंदूला आज पॉकेल्स बिंदू म्हणतात. रेणू खरोखर अस्तित्वात असतात की ती केवळ सोयीची कल्पना आहे, यावर मोठमोठे शास्त्रज्ञ तेव्हा वाद घालत होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे.

जवळजवळ दहा वर्षे हे काम घरातच राहिले. जर्मनीतल्या तज्ज्ञांनी त्यात रस घेतला नाही. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही, त्यात बाई. कारणे तीच, जी कुठल्याही संस्थेत आजही पुटपुटली जातात. १८९० मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी पाण्यावरच्या तेलाच्या थरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. रॅले म्हणजे त्या काळातले मोठे प्रस्थ. पुढे १९०४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे काम अ‍ॅग्नेसच्या कामाच्या शेजारून जात होते, आणि काही ठिकाणी मागे होते.

जानेवारी १८९१ मध्ये अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनी रॅले यांना जर्मनमध्ये एक लांब पत्र लिहिले. आगाऊपणाबद्दल माफी मागून त्यांनी तबक, पट्टी, चकती, दूषित पृष्ठ आणि ताणाची घसरण हे सारे मोजमापांसह मांडले. आपल्याला हे स्वतः प्रसिद्ध करणे जमण्यासारखे नाही, तेव्हा उपयोग होत असेल तर आपण करावा, असा पत्राचा भाव होता. रॅले यांच्या पत्नीने त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

यानंतर जे झाले ते विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडत नाही. निष्कर्ष स्वतःच्या पुढच्या लेखात मिसळून टाकणे रॅले यांना सहज शक्य होते. त्यांनी ते पत्र नेचर या साप्ताहिकाकडे पाठवले आणि सोबत शिफारस जोडली. घरगुती साधनांनी एका जर्मन स्त्रीने मोलाचे निष्कर्ष काढले आहेत आणि त्यातला काही भाग आपल्याच कामाशी जुळतो, हेही त्यांनी नोंदवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांच्या नावाने ते छापून आले. त्या तेव्हा २९ वर्षांच्या होत्या. पुढच्या तीनचार वर्षांत नेचरमध्ये त्यांचे आणखी लेख आले. चरबीसारखा पदार्थ बेंझिनमध्ये विरघळवून त्याचा थेंब पाण्यावर सोडायचा, बेंझिन उडून गेले की पदार्थाचे मोजून घेतलेले प्रमाण पृष्ठावर पसरलेले राहते, ही युक्तीही त्यांचीच. ती आजही तशीच वापरली जाते. त्यांच्या मोजमापांचा आधार घेऊन रॅले यांनी १८९९ मध्ये अनुमान काढले की ताण घसरू लागतो त्या क्षणी पाण्यावरचा थर नेमका एका रेणूच्या जाडीचा असतो, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतका.

तेलाचे थर सोपे असतात. प्रथिनांचे तितके सोपे नसतात. दूध तापवून ठेवले की वर साय धरते. तिच्यात स्निग्धांश तर असतोच, पण ती उचलून घेता येते ती पृष्ठावर गोळा होऊन एकमेकांना धरून बसलेल्या प्रथिनांमुळे. ऑक्सफर्डचे वॉल्टर रॅम्सडेन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दाखवले की अंड्यातल्या पांढऱ्या भागाचे द्रावण नुसते हलवले तरी त्यातले प्रथिन हवेलगतच्या पृष्ठावर घट्ट होऊन वेगळे पडते. तेलाचा रेणू पृष्ठावर जाऊन उभा राहतो, प्रथिनाचा रेणू तिथे गेल्यावर आपला आकारही बदलू शकतो, एवढा फरक.

यात सगळ्यांत तरबेज निघाली बुरशी. तिची अडचण समजून घेतली की हे कौतुक कळते. बुरशीचा धागा वाढतो ओल्या जागी, पण बीजाणू पसरवायचे तर त्याला हवेत यावे लागते. पाण्याच्या पृष्ठाची ताणलेली कातडी माणसाला जाणवत नाही. मायक्रोस्कोपखाली दिसणाऱ्या धाग्यासाठी मात्र ती भिंतच. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या जोसेफ वेसल्स यांच्या गटाने १९९१ मध्ये, म्हणजे अ‍ॅग्नेस यांचे पत्र छापून आल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, या अडचणीवरचा बुरशीचा उपाय शोधला. त्यांनी अभ्यासलेली बुरशी आपल्याकडेही वाळल्या फांद्यांवर पंख्यासारखी पांढुरकी उगवते. तिच्या खालच्या बाजूच्या पापुद्र्यांना मधोमध चीर असते. ती आसपासच्या पाण्यात एक प्रथिन सोडते. हे हायड्रोफोबिन. सुमारे शंभर अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिच्यात गंधक असलेली आठ सिस्टीन आणि त्यांच्या चार गाठी. गाठींमुळे साखळी पाण्यात विरघळून राहते. पाणी आणि हवेच्या सीमेवर पोचली की तिचा पाण्याला भिणारा भाग हवेकडे वळतो, शेजारचा रेणू तिला चिकटतो, आणि एकामागून एक दांडीसारख्या रचना शेजारीशेजारी मांडल्या जातात. कुणी कारागीर नाही, ऊर्जा पुरवावी लागत नाही. पाण्याचा ताण जवळपास एक तृतीयांशावर येतो, धागा कातडी फोडून बाहेर पडतो आणि तेच पटल अंगाभोवती लपेटून घेतो. पटलाची हवेकडची बाजू पाणी झटकणारी असते, म्हणून धागा आणि बीजाणू कोरडे राहतात. या पटलाची जाडी असते मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतकी. तरी ते साबणाच्या उकळत्या द्रावणातही विरघळत नाही.

अळंबीच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांनाही अशाच पटलाचे अस्तर असते. पावसाळ्यात अळंबी निथळून काढली तरी आतून कोरडी लागते, त्यात या अस्तराचा वाटा आहे. करप्याच्या बुरशीतले असे प्रथिन तयार करणारे जनुक १९९३ मध्ये सापडले. ते जनुक काढून टाकले की बुरशीची रोग पाडण्याची ताकद बरीच कमी होते, कारण बीजाणूतून फुटलेल्या कोंबाला पान ओळखून त्यावर दाबकोश बसवणे नीट जमत नाही. दाबकोश म्हणजे पानात भोक पाडणारी फुगीर पेशी. तिच्यातला दाब हवेच्या दाबाच्या ऐंशीपटीपर्यंत जातो. चारचाकीच्या टायरातल्या दाबाच्या तीसपटींहून जास्त.

दवाखान्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक बुरशी महत्त्वाची. अ‍ॅस्परजिलस. कुजक्या तणशीत, पुंजण्याच्या तळाशी, ओल लागलेल्या धान्यात ती असतेच, आणि तिचे बीजाणू प्रत्येक माणूस रोज शेकड्यांनी श्वासावाटे आत घेतो. तरी फुप्फुसात रोज युद्ध पेटत नाही. त्याचे एक कारण २००९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांच्या चमूने दाखवले: बीजाणूभोवती हायड्रोफोबिनचे पटल असते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना ते ओळखू येत नाही. पटल काढून टाकले की त्याच पेशी खडबडून जाग्या होतात. बीजाणू रुजू लागला की पटल गळते आणि निरोगी शरीर तिथेच त्याचा निकाल लावते. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांचे तसे होत नाही. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत हीच बुरशी गोळा करून बसते आणि वर्षानुवर्षांनी थुंकीतून रक्त पडू लागते. प्रत्येक वेळी तो क्षय उलटलेला नसतो. दम्याच्या रुग्णाने मळणीच्या दिवसांत बुरसटलेल्या तणशीपासून दूर राहावे, आणि इलाज नसेल तर नाकातोंडाला मास्क लावावा, हे सांगायला या पटलाची ओळख हवीच असे नाही; पण असली तर सल्ला जास्त पटतो.

यातले काहीच अ‍ॅग्नेस यांना पाहायला मिळाले नाही. नेचरमधल्या लेखांनंतर जर्मनीतही त्यांचे नाव झाले, पण दिवस तेवढाच राहिला. आईवडिलांचे दुखणे वाढत गेले आणि प्रयोगांचा वेळ घटत गेला. त्यांची स्वतःची प्रकृतीही धड नसे. वडील १९०६ मध्ये गेले, भाऊ फ्रिडरिश १९१३ मध्ये, आणि आई १९१४ मध्ये. भाऊ गेला तेव्हा विज्ञानाच्या जगाशी जोडणारा मुख्य धागाच तुटला. आई गेली त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. हात मोकळे झाले तेव्हा त्या ५२ वर्षांच्या होत्या, डोळे अधू होत चालले होते आणि नियतकालिके मिळेनाशी झाली होती.

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की रोगाची नोंद एका नावाने होते, आयुष्य मात्र दोन जणांचे थांबते. ग्रामीण रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात खाटेशेजारी खाली चटईवर बसलेली मुलगी किंवा सून दिसते. केसपेपरवर तिच्यासाठी रकाना नसतो. अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांच्या आयुष्यातली तीसेक वर्षे अशा रकाना नसलेल्या कामात गेली. घरकामामुळे त्यांना शोध लागला असे म्हणण्यापेक्षा घरकाम असूनही लागला असे म्हणणे सत्याला धरून होईल.

दरम्यान अमेरिकेत अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये अ‍ॅग्नेस यांच्या तबकाची सुधारित आवृत्ती बनवली आणि रेणू पाण्यावर कसे उभे राहतात, प्रत्येकाला किती जागा लागते याचे नेटके गणित मांडले. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट यांनी पुढे असे थर एकावर एक काचेवर चढवून चकाकी न मारणारी काच केली. पृष्ठरसायनातल्या कामासाठी लँगम्यूर यांना १९३२ चे नोबेल मिळाले. आज जगभर ते तबक लँगम्यूर यांच्या नावाने ओळखले जाते, क्वचित पॉकेल्स हे नावही जोडतात.

जर्मनीला त्यांची आठवण झाली ती सत्तरीच्या तोंडावर. १९३१ मध्ये कलिल रसायनशास्त्राच्या जर्मन संस्थेने फ्रान्सचे आंरी दव्हो यांच्यासह त्यांना लॉरा लिओनार्ड पारितोषिक दिले. पुढच्या वर्षी, लँगम्यूर यांच्या नोबेलच्याच वर्षी, ब्राउन्श्वाइगच्या तंत्र विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या संस्थेकडून हा मान मिळवणारी पहिली स्त्री त्याच. आयुष्यभर त्या याच गावात राहिल्या होत्या. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नव्हते.

त्यांच्या तबकाला वैद्यकात मोठे काम मिळाले ते त्यानंतर बावीस वर्षांनी. फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांच्या आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्या पाण्याचाही पृष्ठताण असतो, आणि तो कोशाला आत ओढून मिटवू पाहतो. मग प्रत्येक उच्छ्वासाला फुप्फुस मिटत का नाही? १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स या अमेरिकी डॉक्टरांनी फुप्फुसातला द्रव अशाच तबकात पसरवला आणि पृष्ठ आलटून पालटून लहानमोठे केले, जसे श्वासागणिक होते. पृष्ठ आक्रसले की ताण झपाट्याने उतरत होता. फुप्फुसात स्निग्ध रेणू आणि काही खास प्रथिने मिळून एका रेणूच्या जाडीचा थर धरतात आणि तोच कोश उघडे ठेवतो. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात.

दोन वर्षांनी मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी श्वास घेता न आल्याने दगावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे तपासली. तो थर त्यांच्यात नव्हता. बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट पुरेसा तयार होतो तो गर्भाच्या शेवटच्या काही आठवड्यांत. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि ३९ तासांत याच आजाराने गेला. राष्ट्राध्यक्षाच्या मुलासाठीही तेव्हा औषध नव्हते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊई यांनी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन देऊन बाळाचे फुप्फुस आधीच पिकवता येते हे दाखवले. १९८० मध्ये जपानचे फुजिवारा यांनी गुरांच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना दिला.

आज यातला पहिला उपाय अगदी साधा आहे. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने, बारा बारा तासांच्या अंतराने. उपकेंद्रातली एएनएमताईसुद्धा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकते. इंजेक्शनचा पुरेसा परिणाम दिसायला सुमारे एक दिवस लागतो. म्हणून दिवस भरण्याआधी पोटात कळा किंवा अंगावरून पाणी गेले तर सकाळची वाट न पाहता निघायचे. दुसरा उपाय महाग आहे आणि नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षातच करता येतो. लहानशी कुपी, आत दुधासारखा पांढरा द्रव. शीतपेटीतून काढून तो अंगाच्या उबेइतका कोमट करतात आणि बाळाच्या श्वासनलिकेत घातलेल्या बारीक नळीतून काही मिलिलिटर आत सोडतात. पुढचे काम तो द्रव आपणच करतो. कोशाकोशातल्या पाण्यावर पसरतो, रेणूंना रेणू लागतात, आणि दर श्वासाला आत खेचली जाणारी बाळाची छाती थोड्या वेळात वर उचलू लागते.